दुकानामागची माती
आंजी (मोठी) येथे झालेल्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण



या मेळाव्यात मी दरवर्षी उभा राहतो तो चांगल्या बातम्या घेऊन. किती शिबिरे झाली, किती मुले शाळेत टिकली, वसतिगृहाचे छप्पर कुठवर आले. आज मी आपल्याच हातून झालेल्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती दुरुस्त करायला नऊ महिने लागले आणि त्यात आपण दिलेल्या देणग्यांतला काही भाग खर्च झाला. म्हणून ती आपल्यासमोर ठेवणे माझे कर्तव्य आहे.

आंजीपासून सात-आठ किलोमीटर आत गोंड बांधवांची एक वस्ती आहे. घरे पस्तीसच्या आसपास, दुकान एकच. तिथे मीठ, तेल, काडेपेटी, वह्या, बिस्किटे मिळतात. आणि महिनाअखेरीस उधारीही मिळते. दुकान चालवणाऱ्या बाईंना आम्ही सगळे मावशी म्हणतो. दुकानाच्या मागे बारा-पंधरा पावलांवर वस्तीची विहीर आहे.

आपल्या आरोग्य शिबिराला जनरेटर लागतो, जीप लागते. डिझेल आणायला दरवेळी लांब जावे लागते, म्हणून आम्ही दोनशे लिटरचे एक पिंप मावशींच्या दुकानामागे पत्र्याच्या आडोशाला ठेवले. पिंपाखाली विटा ठेवल्या नाहीत की परात ठेवली नाही. ते सरळ मातीवर उभे केले. विहीर किती जवळ आहे, हे कोणी मोजले नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, पाण्याले डिझेलचा वास येऊन राह्यला."

मी म्हणालो, "बादलीला किंवा दोराला हात लागला असेल, मावशी. जाईल वास."

त्यानंतर बारा दिवस मी काहीही केले नाही. शिबिराची गडबड होती, हे खरे. पण ते कारण पुरेसे नव्हते. तेराव्या दिवशी पिंप हलवले, तर बूड गंजून पाझरत होते. काठी घालून मोजले तेव्हा साठ लिटरच्या आसपास डिझेल कमी भरले.

आपली काळी माती आपण जाणतो. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून फाटते, आणि एप्रिल-मे महिन्यांत भेगा इतक्या रुंद होतात की आत हात जातो. एरवी ही माती चिकण असल्यामुळे तेल हळूहळू झिरपले असते. पण त्या भेगांतून ते थेट खाली उतरले. डिझेल पाण्यात फारसे विरघळत नाही. पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर तरंगत सरकते. जूनचा पहिला पाऊस पडला असता तर भेगांत अडकलेले तेलही विहिरीकडे ढकलले गेले असते. आमच्या हातात जेमतेम सहा आठवडे होते.

सल्ले पुष्कळ मिळाले. एक जण म्हणाला, वरून दोन ट्रॉल्या मुरूम टाका. तसे केले असते तर डाग झाकला गेला असता, पण तेल खालीच राहिले असते. दुसरा म्हणाला, माती पेटवून द्या. दुकानाला आणि पत्र्याला लागून आग लावणे हा वेडेपणाच होता. तिसरा म्हणाला, साबणाच्या पाण्याने धुऊन काढा. साबणाने तेल पाण्यात मिसळते आणि आणखी खोल जाते. खरे सांगतो, मुरुमाचा सल्ला मला काही वेळ पटला होता. कोणाला काही कळले नसते.

आम्ही आधी विहीर बंद केली आणि सगळ्या वस्तीला कारण सांगितले. ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, डिझेल जात नाही. पाणी उकळूनही ते प्यायला योग्य होत नाही. म्हणून शेजारच्या गावच्या नळाचे पाणी जीपमधून कॅन भरून आणू लागलो. जीप अडकली त्या दिवशी बायकांना ते डोक्यावरून आणावे लागले. त्या दिवसांचा हिशोब माझ्या नावावर आहे.

विहिरीच्या पाण्यावर एका कोपऱ्यात तेलाचा पातळ तवंग होता. तो काढायला आपल्या जिल्ह्याचेच पीक कामी आले. न धुतलेल्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असते. म्हणून तो पाणी धरत नाही, पण तेल चटकन शोषतो. बाजारात भाव न मिळालेला कवडी कापूस आम्ही जुन्या मच्छरदाणीच्या जाळीत भरला, त्याच्या लांब वळकट्या केल्या आणि पाण्यावर सोडल्या. तेलाने जड झालेल्या वळकट्या बाहेर काढून झाकणाच्या डब्यात ठेवल्या, चुलीपासून दूर.

मग माती. खणायला वस्तीतली माणसे आली, तेव्हा मावशींनी त्यांना थांबवले. मला म्हणाल्या, "तुमी सांडलं, तुमी उचला. चहा मी मांडतो." पहिले दोन दिवस आपल्या कार्यकर्त्यांनीच घमेली उचलली. तिसऱ्या दिवशी मावशींचा मुलगा फावडे घेऊन आला आणि मग वस्तीही आली. त्या सगळ्यांना आपण रीतसर मजुरी दिली. वास येईल तिथवर भेगांच्या मागे मागे खणत गेलो. मुरूम लागेपर्यंत चार फूट खाली जावे लागले. खड्ड्याजवळ विडी-काडीला सक्त मनाई होती.

ही माती टाकायची कुठे? नाल्यात टाकणे म्हणजे आपले पाप खालच्या गावाच्या दारात ठेवणे. म्हणून विहिरीपासून दूर, उंचावर, जाड ताडपत्री अंथरून आणि भोवती बांध घालून आम्ही फूटभर जाडीचा वाफा केला. मातीत सोयाबीनचे कुटार मिसळले, म्हणजे ती भुसभुशीत होऊन आत हवा खेळेल. कुजलेले शेणखत आणि थोडा युरिया घातला. दर आठवड्याला वाफा वरखाली केला आणि पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवला. पावसाळ्यात वर दुसरी ताडपत्री घातली.

डिझेल खाणारे सूक्ष्मजीव मातीत मुळातच असतात. तेलात त्यांना भरपूर कर्ब मिळतो. पण वाढायला हवा, ओल, नत्र आणि स्फुरद लागते. ते आपण पुरवायचे, बाकी काम ते करतात. हलका भाग उडून जातो, उरलेले तेल हे जीव हळूहळू मोडतात. जगात मोठ्या प्रमाणावर हेच केले गेले आहे. 1989 साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डिज जहाजाचे तेल किनाऱ्यावर पसरले, तेव्हा तिथल्याच जिवाणूंना बळ मिळावे म्हणून खडकांवर खत टाकले होते. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन किनाऱ्यावर तेल आले, तेव्हाही तेल खाणारे जिवाणू वापरले गेले. आपल्या शेजारी नागपूरला 'नीरी' ही राष्ट्रीय संस्था अशा प्रदूषित मातीवर संशोधन करते. आमच्याकडे तशी साधने नव्हती. तत्त्व मात्र तेच होते, आणि हाताशी होते शेण, कुटार आणि फावडे.

ऑगस्टमध्ये आम्ही वाफ्याच्या एका कोपऱ्यात मेथी टाकून पाहिली. मूठभर दाण्यांतले चार-पाच उगवले, तेही पिवळे. मी खचलो. मावशी म्हणाल्या, "आजारी माणूस एका सलाईनने उठते का?" आणि आम्ही माती पुन्हा वरखाली करू लागलो. डिसेंबरात पुन्हा मेथी टाकली, ती हिरवीगार उगवली. पण डोळ्यांवर आणि नाकावर विसंबायचे नाही, हे आता मी शिकलो होतो. मातीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल समाधानकारक आला, तेव्हाच जानेवारीत वाफा मोडला. ती माती भाजीच्या परसात नेली नाही. दुकानासमोरच्या अंगणात पसरली आणि तिथे दोन कडुनिंब लावले. विहिरीचे पाणी पावसाळ्यानंतर दोनदा तपासून घेतले. दोन्ही वेळा ते स्वच्छ निघाल्यावरच दोर पुन्हा चढला.

आपण वर्धा जिल्ह्यातली माणसे. 1936 साली गांधीजी आज ज्याला सेवाग्राम म्हणतात त्या खेड्यात राहायला आले. आपली घाण आपणच उचलायची, हा धडा या जिल्ह्याने जगाला दाखवला. तो मला मावशींकडून पुन्हा शिकावा लागला. सेवेला गेलो म्हणून आपल्या हातून नुकसान होत नाही, असे नाही. आणि ज्यांची सेवा करतो त्यांनी पहिल्यांदा तक्रार केली, तेव्हाच ती ऐकायला हवी होती. ते बारा दिवस मला परत मिळणार नाहीत.

आता आपले डिझेल वस्तीत साठवले जात नाही. शिबिरापुरते बंद कॅनमधून येते, लोखंडी परातीत ठेवले जाते आणि उरलेले त्याच दिवशी परत जाते. आपल्याकडूनही मला एक गोष्ट हवी आहे, आणि ती देणगी नाही. आपल्या मंदिराच्या, शाळेच्या किंवा शेतावरच्या जनरेटरजवळ पिंप असेल, तर घरी गेल्यावर ते हलवून त्याच्या बुडाखाली पाहा. विहीर किंवा बोअर किती पावलांवर आहे, ते मोजा. जमीन ओली दिसली तर मुरूम टाकू नका. आधी शेजाऱ्यांना सांगा आणि मग फावडे घ्या.

मावशींच्या दुकानात पुन्हा कधी गेलात, तर विहिरीचे पाणी मागून प्या. त्या आधी स्वतः एक घोट घेतात, मगच पाहुण्याला देतात. अजूनही.