पुस्तकांवरील खर्च : उधळपट्टी की ठेव?

पुस्तकांवर पैसा खर्च करावा की नाही, असे विचारले म्हणजे सुशिक्षित मनुष्य तत्काळ ‘अवश्य करावा’ असे उत्तर देतो. परंतु तोच मनुष्य महिनाअखेरीस घरखर्चाचा हिशेब मांडावयास बसला म्हणजे त्याच्या वहीत पुस्तकांचे नाव क्वचितच आढळते. दूध, किराणा, विजेचे बिल, मुलांची शिकवणी, घरातील चार माणसांच्या चार मोबाइलांचे रिचार्ज ही सर्व कलमे तेथे ओळीने असतात; पुस्तकाचे कलम मात्र कोठे तरी ‘किरकोळ’ ह्या सदरात दडलेले असते, किंवा मुळीच नसते. तोंडी उत्तर आणि वहीतील उत्तर ह्यांत ही जी तफावत पडते, तिचाच आज थोडा विचार करावयाचे योजिले आहे. आणि वहीचा विषय निघाला आहे, तेव्हा आरंभ एका जुन्या वहीपासूनच करतो.

माझे बालपण जेऊर येथे गेले. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील हे गाव पुणे-सोलापूर लोहमार्गावर आहे. करमाळा शहरास आगगाडी नाही; त्यामुळे करमाळ्याकडचा उतारू जेऊरला उतरतो आणि पुढची वाट एस.टी.ने कापतो. स्टेशनापासून जवळच माझ्या वडिलांचे शिलाईचे लहानसे दुकान होते. गाडीची किंवा एस.टी.ची वाट पाहणारी माणसे तेथे टेकत, तंबाखू मळत आणि पाऊसपाण्याच्या गोष्टी बोलत. १९७२ साली तर पावसाशिवाय दुसरा विषयच नव्हता, कारण पाऊस पडलाच नव्हता. त्या दुष्काळाची आठवण ज्यांस असेल, त्यांस अधिक सांगावयास नको. खडी फोडण्याच्या कामावर बायाबापड्या जात होत्या आणि नवे कपडे शिवून घेणारे गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकेनासे झाले होते.

अशा दिवसांत अण्णा काही कामासाठी सोलापुरास गेले आणि येताना नऊ रुपयांस एक जुने पुस्तक घेऊन आले. ते कथेचे नव्हते, पुराणाचे नव्हते. जमिनीच्या कायद्यांची मराठीत माहिती देणारे, पाठीचा पुठ्ठा सुटलेले असे ते पुस्तक होते. आईने ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि ती म्हणाली, “घरात ज्वारीचा दाना न्हाई, आन् तुम्ही कागुद घेऊन आलाय व्हय?” नऊ रुपयांत त्या वेळी आठवड्याची ज्वारी भागली असती. अण्णा काही बोलले नाहीत. हिशेबाची वही आईच लिहीत असे. तिने त्या दिवशीच्या तारखेखाली ‘पुस्तक, ९ रु.’ असे लिहिले आणि पुढे एकच शब्द लिहिला : ‘नासाडी’.

आता न्याय करावयाचा तर आईचेच बरोबर होते, असे मी आजही म्हणेन. त्या आठवड्यात आम्हांस शेजारून ज्वारी उसनी आणावी लागली. पुस्तकाचे महत्त्व सांगणारे पुष्कळ वक्ते ही ज्वारीची बाजू सांगावयाची विसरतात. ज्या घरात चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्या घरास ग्रंथखरेदीचा उपदेश करणे हा उपदेश नव्हे, ती थट्टा आहे. परंतु ही हकीगत येथे संपत नाही.

त्याच काळात भीमा नदीवर उजनी येथे धरणाचे काम चालले होते. हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचे पाणी मागे पसरणार, तेव्हा करमाळा तालुक्यातील नदीकाठच्या गावांच्या जमिनी जाणार हे ठरलेले होते. जमिनी घेतल्या जात होत्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये. ह्या कायद्यात एक बारीकशी गोष्ट होती. ठरविलेली भरपाई अपुरी वाटली, तर कलम १८ प्रमाणे प्रकरण न्यायालयाकडे पाठवावे असा अर्ज करण्याचा हक्क जमीनमालकास होता. त्यास मुदत होती; निवाड्याच्या वेळी जो हजर असेल, त्यास ती अवघी सहा आठवड्यांची होती. आणि दुसरी अट कलम ३१ मध्ये होती : ज्याने भरपाईची रक्कम कोणतीही हरकत न नोंदविता स्वीकारली, त्यास तो अर्ज करताच येत नसे. म्हणजे पैसे घ्यावयाचे, परंतु घेताना ‘हरकत राखून घेतले’ असे लिहून सही करावयाची. एवढ्या चार शब्दांवर एका कुटुंबाची पुढची मिळकत अवलंबून होती.

हे चार शब्द अण्णांच्या नऊ रुपयांच्या पुस्तकात होते. दुकानात टेकणाऱ्या मंडळींत नदीकाठचे शेतकरी असत. त्यांतील एकास अण्णांनी ते वाचून दाखविले, त्याने दुसऱ्यास सांगितले, आणि पाहता पाहता शिलाईच्या यंत्राशेजारी अर्ज लिहिण्याचे काम सुरू झाले. अण्णांनी त्याबद्दल पैसे घेतले नाहीत. मात्र कोणी शेंगा आणून दिल्या, कोणी कडधान्य आणून दिले. एके दिवशी एक वृद्ध शेतकरी आला. त्याने आठ-पंधरा दिवसांपूर्वीच पैसे घेतले होते व अंगठा दिला होता. हरकत नोंदविलेली नव्हती. अण्णांनी पुस्तक उघडून ते कलम त्यास दोनदा वाचून दाखविले. म्हातारा बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. त्यास वाचता येत नव्हते. शेवटी तो म्हणाला, “हे पुस्तक कवापासनं हाय तुमच्याकडं?” अण्णांनी सांगितले, “वर्ष झालं.” त्यावर तो काही न बोलता उठून गेला.

श्रोतेहो, पुस्तकाची किंमत किती असते, ह्याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. पुस्तकाच्या पाठीवर छापलेली असते ती केवळ कागदाची व छपाईची किंमत. त्याची खरी किंमत ते वेळेवर हाताशी असण्यात किंवा नसण्यात असते. १८९४ चा तो कायदा आता उरलेला नाही. २०१४ च्या आरंभापासून त्याच्या जागी नवा कायदा आला आहे. पुस्तक कालबाह्य झाले, परंतु त्याने जे काम करावयाचे ते करून झाले होते.

आईने वहीतील ‘नासाडी’ हा शब्द कधी खोडला नाही. लिहिलेले खोडण्याची तिची रीत नव्हती. पुढे एकदा अण्णा पुन्हा सोलापुरास निघाले तेव्हा मात्र ती एवढेच म्हणाली, “ज्वारी भरलीया. आणायचं तर आणा.” ह्या एका वाक्यात ग्रंथखरेदीचे सगळे अर्थशास्त्र आले, असे मला वाटते. आधी ज्वारी, मग पुस्तक. परंतु ज्वारी भरल्यावर पुस्तक खरेच.

ज्वारीच्या आधी पुस्तक घेणारी माणसे जगात नाहीत असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ती शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती. तेवढ्यात स्वतःच्या पोटास चिमटा घेऊन त्यांनी तेथील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमविली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१७ साली ते लंडनहून मायदेशी परतले, तेव्हा त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणबुडीने बुडविली आणि पुष्कळ ग्रंथ समुद्रात गेले. त्या गेलेल्या सामानाच्या भरपाईदाखल त्यांस ६०० रुपये मिळाले, आणि हातात दुसरा पैसा नसल्यामुळे बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास ह्याच रकमेचा उपयोग झाला. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले, ते मुख्यतः ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. परंतु ह्याच पुरुषाने १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा गरिबांस ‘पोटास चिमटा घ्या आणि पुस्तके विकत घ्या’ असे सांगितले नाही. वाचनालये उघडणे हा त्या सभेच्या उद्देशांपैकी एक होता, आणि १९२५ च्या जानेवारीत तिने आमच्या सोलापुरातच विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. स्वतः सोसावयाचे ते सोसून, दुसऱ्यास ते सोसावे लागू नये अशी व्यवस्था करावयाची, हा त्यातील बोध आहे.

ज्यांनी ती शिष्यवृत्ती दिली, त्या सयाजीराव महाराजांनीही हेच ओळखले होते. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांची योजना आखली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. त्या योजनेतील एक मुद्दा मला विशेष मार्मिक वाटतो : गावकऱ्यांनी आपल्या पदरची काही वर्गणी जमवावी, मग सरकार आपला वाटा घालील. पैसा अजिबात न घेता पुस्तके देता आली नसती असे नाही. परंतु ज्यासाठी आपण थोडे तरी मोजले, त्याची आपण विचारपूस करतो, हा मनुष्यस्वभाव महाराजांस ठाऊक होता. पुढे १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा केला आणि १९६७ साली महाराष्ट्र राज्याने. आज गावोगावची अ, ब, क, ड वर्गांची वाचनालये ह्या कायद्याखालील अनुदानावर चालतात. अनुदान तुटपुंजे, ग्रंथपालाचा पगार त्याहून तुटपुंजा, हे खरे. परंतु सभासदांची वर्गणी भरावयाची टाळून आपण त्या वाचनालयास नावे ठेवीत असू, तर दोष केवळ सरकारचा म्हणता येणार नाही.

येथे कोणी म्हणेल, वाचनालय आहे, मग विकत कशास घ्यावयाचे? ह्यास माझे उत्तर असे. जे पुस्तक एकदा वाचून संपते, ते वाचनालयातून आणावे. त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु शब्दकोश, आरोग्य, शेती व कायदा ह्यांची पुस्तके, आवडत्या कवीचा संग्रह, आणि मुलांची पुस्तके ही घरात असावीत. पहिली अशासाठी की, त्यांची गरज कोणत्या रात्री पडेल हे सांगता येत नाही. कवितेचा संग्रह अशासाठी की, तो एकदा वाचून संपतच नाही. आणि मुलांची अशासाठी की, मूल पुस्तकाकडे बोलावून येत नाही. ते हाताशी पडलेले असले, बाहेर पाऊस असला आणि खेळावयास सोबती नसला, म्हणजे ते आपण होऊन उघडते.

शिवाय विकत घेण्यात आपल्या भाषेचाही एक व्यवहार गुंतलेला आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख आहेत. आणि मराठी पुस्तकाची आवृत्ती निघते ती बहुधा हजार प्रतींची. विक्रीची खात्री नसेल, तर प्रकाशक नव्या लेखकाच्या वाटेस जात नाही. १९७५ च्या सुमारास ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू झाली. वाचकांनीच सभासद होऊन पैसे पुरवावेत आणि त्यांस स्वस्तात चांगली पुस्तके मिळावीत, ही तिची कल्पना. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आणि लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ १९८० साली ह्या चळवळीतून बाहेर आले. ज्यांचे जगणे मराठी ग्रंथांत तोपर्यंत फारसे आले नव्हते, ते त्यात आले, आणि त्यास वाचकांच्या लहान लहान वर्गण्यांचा हातभार लागला. माझ्या जेऊरचे नाव आज नागराज मंजुळे ह्यांच्यामुळे सर्वत्र झाले आहे. २०१६ चा ‘सैराट’ आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. काहींनी दोनदा, तीनदा. तेच मंजुळे कवी आहेत, आणि ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध आहे. तो किती घरांत आहे, हा प्रश्न मी गावी गेलो म्हणजे विचारतो. उत्तर ऐकून पुढचा प्रश्न विचारण्याचे धैर्य होत नाही.

एक दोष मात्र प्रांजळपणे कबूल केला पाहिजे. पुस्तके घेऊन न वाचणारे आपल्यात थोडे नाहीत. काचेच्या कपाटात, जुळ्या पुठ्ठ्यांत, वर्षानुवर्षे न उघडलेली ग्रंथमाला हा खर्च खरोखरच नासाडीच्या सदरात जातो. ह्यावर उपाय एकच : आधी घेतलेले निम्मे तरी वाचल्याशिवाय नवे घ्यावयाचे नाही.

हिशेब अवघड नाही. दिवसास दहा रुपये बाजूस टाकले, तर वर्षास ३,६५० रुपये होतात. आज साधारण मराठी पुस्तक तीनशे रुपयांस पडते असे धरले, तर महिन्यास एक पुस्तक आणि वर एखाद्या वाचनालयाची थोडीशी वर्गणी एवढे त्यात बसते. जेऊरच्या परिसरात आता उजनीचे पाणी आले आहे. जेथे दुष्काळात खडी फोडली, तेथे ऊस आणि केळी उभी आहेत. बहुतेक घरांत ज्वारी भरलेली आहे. तेव्हा ‘परवडत नाही’ हे उत्तर जे १९७२ साली आमच्या आईच्या तोंडी शोभले, ते आज आपल्या तोंडी शोभत नाही.

अण्णांचे ते पुस्तक माझ्यापाशी आहे, आणि आईची वहीही. कलम १८ च्या पानावर अनेक बोटांचे डाग आहेत. त्यांत त्या म्हाताऱ्याचेही असावे. पुढील महिन्याचा हिशेब मांडताना आपण आपल्या वहीत पुस्तकाचे एक स्वतंत्र कलम घाला, एवढीच माझी विनंती आहे. त्याच्यापुढे कोणता शब्द लिहावयाचा, ते वर्षाअखेरीस ठरवा.