“हो साहेब” म्हणजे गुन्हा कबूल नव्हे
(कार्यकर्ता बैठकीत केलेलं भाषण)



प्लॉटांच्या केसेसवर आपण नेहमी बोलतो. आज त्या केसेसमधल्या एका माणसाबद्दल बोलू. दर पाड्यावर असा एखादा असतो. वय वाढलं, पण समज लहान पोराची राहिली. गुरं नीट राखतो, पण पैसे मोजता येत नाहीत, वार सांगता येत नाही. आपण त्याला भोळा म्हणतो.

फॉरेस्टवाले आले की पहिला तोच सापडतो, कारण तो पळत नाही. साहेब विचारतो, झाड तू तोडलंस? “हो साहेब.” भाऊपण होता? “हो साहेब.” त्याला फक्त ओरडणं थांबायला हवं असतं. मग कागदावर अंगठा. तो अडकतो आणि त्याच्या “हो”वर अख्खा पाडा अडकतो.

आसामातला आदिवासी माचांग लालुंग. १९५१ साली, २३ वर्षांचा असताना, मारहाणीच्या आरोपात धरला. डोकं ठीक नाही म्हणून तेजपूरच्या मनोरुग्णालयात टाकला. १९६७ ला डॉक्टरांनी बरा आहे असं लिहिलं, तरी घरी न सोडता जेलात नेला. खटला चाललाच नाही. २००५ ला, ५४ वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटला. जवानी गेली, म्हातारपण आलं, आणि शिक्षा तर कोणी दिलीच नव्हती!

कायदा काय सांगतो? भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुन्या दंड संहितेत कलम ८४ होतं) : कृत्य करताना डोकं ठिकाणावर नसल्यानं आपण काय करतो किंवा ते चूक आहे हे कळतच नसेल, तर तो गुन्हा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६७ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३२८ होतं) वेगळं आहे. आरोपीला आपली बाजू मांडता येत नाही असं मॅजिस्ट्रेटला वाटलं, तर आधी सिव्हिल सर्जनकडून तपासणी. कलम ३६९ (आधीचं ३३०) : सांभाळायची हमी दिली तर त्याला सोडता येतं. हमी द्यायला कोणी नसलं की माणूस आत कुजतो.

म्हणून आपण एवढं करायचं. एक, त्याला एकट्याला ठाण्यावर किंवा रेंज ऑफिसात जाऊ द्यायचं नाही. दोन, वाचून समजावल्याशिवाय अंगठा नाही. तीन, पहिल्याच तारखेला वकिलाला सांगायचं आणि शाळेचा, दवाखान्याचा कागद द्यायचा. वकील फुकट मिळतो, १९८७ च्या कायद्यानं आदिवासीचा तो हक्क आहे. चार, हमीदार म्हणून पाड्यानं उभं राहायचं.

जमीन सगळ्यांची म्हणतो, तर हा माणूसही सगळ्यांचाच.

जिंदाबाद!