घरकुल मंजूर, पण जागा कुठंय?

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंग, करिअर असलं काही नाही. आज विषय माझ्या मामांच्या घराचा.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, पण गाव राहाता. शिर्डीच्या शेजारचं, पेरूच्या बागांचं. मामा तालुक्यातल्याच एका बागेत वर्षानुवर्षं कामाला आहेत. स्वतःची जमीन नाही. राहायला मालकाच्या वस्तीवर पत्र्याची खोली.

दिवाळीत भेटायला गेलो तर मामा म्हणाले, "भाचेबुवा, घरकुलाच्या यादीत नाव आलंय. पण बांधू कुठं?"

मालक भला माणूस. बांधाकडेचा एक गुंठा विकत द्यायला तयार होता. दोघं दस्त करायला गेले, तर उत्तर मिळालं, "एवढ्या तुकड्याचा दस्त होत नाही." बाहेर एकानं सल्ला दिला, "पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घ्या, कोण विचारतंय?"

आता हे असं का, ते बघू. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. शेताचे इतके बारीक तुकडे पडू नयेत की कसणंच परवडणार नाही, हा त्याचा हेतू. हेतू चांगलाच. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत किमान क्षेत्र ठरलंय: जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे.

आता हिशोब करा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. घरकुलाचं किमान क्षेत्र २६९ चौरस फूट. म्हणजे २६९ फुटांच्या घरासाठी बागायतीत १०,८९० फूट जमीन घ्या! तीही शिर्डीजवळच्या भावानं. मजुराला हे जमणार आहे का?

पण यावर तोडगा निघालेला आहे. मार्च २०२४ मध्ये या कायद्याचे नियम बदलले. विहीर, शेतरस्ता आणि ग्रामीण घरकुल, या कामांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं छोटा तुकडा विकता येतो. घरकुलासाठी मर्यादा प्रत्येक लाभार्थ्याला १००० चौरस फूट. बघा, पूर्ण गुंठासुद्धा नाही, ८९ फूट कमी! मामा गुंठाच मागत होते. आणि तेव्हाचे महसूलमंत्री राधाकृष्ण विखे पाटील आपल्याच शिर्डी मतदारसंघाचे आमदार. तरी नियमाची बातमी मामांच्या वस्तीपर्यंत आलीच नाही. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे.

शिवाय जागा घ्यायलाही मदत आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी १ लाखापर्यंत मिळतात. घरकुलाचे १ लाख २० हजार वेगळे.

मग स्टॅम्पवर लिहून घेतलं तर काय बिघडतं? नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं अध्यादेश काढला आणि जुने गुंठेवारी व्यवहार विनाशुल्क नियमित करायचं ठरवलं. लोकांना वाटलं, आता सगळं माफ. तसं नाहीये. ते फक्त १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातल्या व्यवहारांना, तेही शहरी, प्राधिकरणाच्या, रहिवासी झोनच्या किंवा गावठाणालगतच्या भागात. मामांनी आज स्टॅम्प केला तर तो त्यात बसतच नाही. सातबाऱ्यावर नाव नाही. मालक आज भला आहे, उद्या त्याच्या मुलांनी "उठा" म्हटलं तर? आयुष्यभराची कमाई गेली.

म्हणून आम्ही स्टॅम्पला नाही म्हटलं. परवानगीचा अर्ज दिलाय, १००० फुटांचा. अजून आदेश आलेला नाही. मामा दर रविवारी फोन करतात, "आलं का रे काही?" आदेश आला की तो जोडूनच खरेदीखत होईल, आणि परवानगीची मुदत एक वर्ष, म्हणजे तेव्हा ढिलाई नको.

कायदा मुंबईत बदलतो, पण घर वस्तीवर बांधायचं असतं. मधलं अंतर आपण कापू शकतो. वाचता येतं, मोबाईल हातात आहे. तुमच्या घरी, शेजारी, कामाला येणाऱ्या मावशींना एकदा विचारा: यादीत नाव आहे? जागा आहे? नसेल तर हा एपिसोड त्यांना ऐकवा. आणि कोणी स्टॅम्प पुढं केला, तर सही करण्याआधी थांबायला सांगा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!