तेल ओतण्याआधी तेल पाहा
(महागाव येथील बैठकीत एका शेतकरी कार्यकर्त्याने केलेले भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी कापसाच्या भावाचे सांगितले, कर्जाचे सांगितले. ते सगळे खरे आहे. मी आज जरा वेगळे बोलणार आहे. मी ट्रॅक्टरच्या तेलाबद्दल बोलणार आहे. डिझेलबद्दल नाही. लोडर आणि ट्रॉली ज्याच्या जोरावर उठतात, त्या हायड्रॉलिकच्या तेलाबद्दल. हसू नका. आपल्या घरात पैसा कमी येतो, त्याची लढाई आपण रस्त्यावर लढतो. पण घरातून पैसा गळून जातो त्याचे निवेदन कोणत्या तहसीलदाराला देणार? ती गळती आपल्यालाच शोधावी लागते.

आधी माझीच फजिती सांगतो. माझ्याकडे जुना ट्रॅक्टर आहे. पुढे लोडर बसवला आहे. उन्हाळ्यात तलावातला गाळ आणि शेणखत भरायचे, पाऊस लागला की लोडर काढून वखरणी-पेरणी करायची. माझ्या वावराबरोबर आजूबाजूच्या सात-आठ घरांची कामेही त्याच ट्रॅक्टरवर. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात लोडर धक्के देत उठू लागला. पंप कुरकुरायला लागला. मी म्हटले, तेल कमी झाले असेल. बकेट वर उचललेली होती, तशीच ठेवून गेज काढून पाहिली. तेल खाली दिसले. तीन लिटर ओतले. संध्याकाळी बकेट खाली टेकवली, तर टाकीच्या ब्रीदरमधून तेल भळाभळा बाहेर आले आणि मातीत गेले.

तरी अक्कल आली नाही. धक्के चालूच होते. मी रोज थोडे थोडे ओतत राहिलो. बॅरल गोठ्याबाहेर उघड्यावर उभा होता, आदला सगळा पावसाळा त्याने तिथेच काढला होता. त्यातलेच तेल. मृगाचा पाऊस पडला आणि ऐन वेळी पंप बसला. याच पंपावर माझ्या ट्रॅक्टरची मागची लिफ्टही चालते. मिस्त्रीने टाकी उघडली तर आत दुधाच्या चहासारखे तेल! पाणी मिसळलेले. आणि मूळ दुखणे काय निघाले? टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाईपचा क्लॅम्प ढिला होता. तिथून पंप हवा ओढत होता. एका पान्याचे काम होते.

पंप येईपर्यंत आठ दिवस गेले. माझ्या धुऱ्याला लागून एका वहिनींचे चार एकर आहे. त्यांची पेरणी माझ्या भरवशावर होती. वाफसा निघून गेला. त्या भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तेल तर तुम्ही रोजच टाकत होता ना?" ते वाक्य अजून कानात आहे. मी रोज तेल टाकत होतो. पाहत नव्हतो.

भावांनो, यातला मुद्दा असा. डिझेल जळते. इंजिन ऑईलही थोडे जळते. हायड्रॉलिकचे तेल जळत नाही. ते टाकीतून पंपात, पंपातून जॅकमध्ये आणि परत टाकीत असे फिरत राहते. ते कमी झाले म्हणजे कुठेतरी गेले. कुठे गेले हे न विचारता वरून ओतणे म्हणजे बुडाला भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणे.

हे तेल करते काय? आपल्याकडे जिनिंग-प्रेसिंगमध्ये गठाण बांधताना सगळ्यांनी पाहिले आहे. १७० किलो रुई दाबून एवढीशी गठाण होते, ती याच तत्त्वावर. बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच विद्वानाने सांगितले. १७९५ साली इंग्लंडमध्ये ब्रामा नावाच्या कारागिराने त्यावर प्रेस बनवली. पुढे १९३० नंतरच्या काळात हॅरी फर्ग्युसनने ही ताकद ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्यांना जोडली. आज आपण लिफ्ट म्हणतो ती तीच. हिशेब करा. लोडरच्या जॅकचा आतला व्यास ६ सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ झाले साधारण २८ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब असेल तर एकटा जॅक चार टनांवर जोर लावतो. तेल दबत नाही म्हणून हे होते. हवा दबते. तेलात हवा शिरली की जोर जातो आणि धक्के सुरू होतात.

आता बकेट वर असताना तेल कमी का दिसले? माझा लोडर जुन्या पद्धतीचा. तेलाने वर जातो, वजनाने खाली येतो. ६ सेंटिमीटर व्यासाचा जॅक ६० सेंटिमीटर उघडला की त्यात पावणेदोन लिटरच्या आसपास तेल बसते. दोन जॅकचे झाले साडेतीन लिटरच्या जवळ. ते तेल हरवले नव्हते, जॅकमध्ये होते! ट्रॉलीचा जॅक तर आणखी मोठा. व्यास १० सेंटिमीटर आणि उचल एक मीटर असेल तर तो पावणेआठ लिटर तेल पोटात घेतो. म्हणून पाहण्याची रीत ठरलेली आहे. ती अशी.

ट्रॅक्टर सपाट जागेवर लावा. बकेट पूर्ण जमिनीला टेकवा, ट्रॉली खाली बसवा, मागची लिफ्टही खाली. इंजिन बंद करून लिव्हर दोन-चार वेळा पुढे-मागे करा, म्हणजे पाईपातला दाब उतरेल. पाच-दहा मिनिटे थांबा. गेजच्या भोवतीची माती आधी पुसा, मगच गेज काढा. आपली काळी माती बारीक असते, चिमूटभर आत गेली तरी पंप घासतो. गेज स्वच्छ फडक्याने पुसा. कापसाचा बोळा वापरू नका, त्याचे तंतू आत जातात. गेज परत पूर्ण बसवा, काढा, वाचा. तेल दोन खुणांच्या मध्ये असले की पुरे. वरच्या खुणेच्या पलीकडे भरणे ही श्रीमंती नव्हे, तेल गरम होऊन फुगते आणि बाहेर येते.

गेजवर नुसती उंची पाहू नका, तेलही पाहा. दुधाळ दिसले तर पाणी आहे. फेस दिसला तर हवा शिरते आहे. काळे पडून करपल्याचा वास आला तर तेल तापून संपले आहे. चमचमणारी कीस दिसली तर पंप झिजतो आहे. शंका वाटली तर काचेच्या बाटलीत थोडे काढून रात्रभर ठेवा. मोकळे पाणी असेल तर सकाळी तळाला दिसेल. असे खराब तेल वरून नवीन ओतून सुधारत नाही. ते काढावेच लागते, फिल्टरही बदलावा लागतो. काढलेले तेल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. ते आपल्याच पिण्यात येते.

ओतायचे कोणते? ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिले असेल ते. डब्यावर ४६, ६८ असे आकडे असतात. आकडा मोठा तितके तेल जाड. कित्येक जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागचा धुरा आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. काहींचे ब्रेकही त्यात बुडालेले असतात. तिथे नुसते हायड्रॉलिक तेल चालत नाही, त्या कामाचे वेगळे तेल मिळते. लोडरला स्वतंत्र टाकी असेल तर गोष्ट निराळी. म्हणून आधी आपले तेल कुठे राहते ते मिस्त्रीकडून समजून घ्या. आणि ब्रेक ऑईल कधीही टाकू नका, सगळी सीले फुगून जातात. पुस्तक हरवले असेल तर गावातल्या तशाच ट्रॅक्टरवाल्याकडे विचारा. पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला, पण ते ट्रॅक्टर अजून वावरात आहेत. जुनी पुस्तके एकमेकांना दाखवली पाहिजेत.

ओतताना चाळणी लावलेले स्वच्छ नरसाळे घ्या. थोडे ओता, मग इंजिन हळू चालवून बकेट चार-पाच वेळा वर-खाली करा, पुन्हा खाली टेकवून गेज पाहा. बॅरल छपराखाली आडवा ठेवा. उभ्या बॅरलच्या झाकणावर पावसाचे पाणी साचते आणि रात्री बॅरल थंड झाला की बुचातून आत ओढले जाते. माझे पाणी तिथूनच आले होते.

गळती लहान समजू नका. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब गळला तर आठ तासांच्या पाळीत जवळपास दीड लिटर जातो. दहा दिवसांत पंधरा लिटर. एक ओ-रिंग किती रुपयांना येते ते तुम्हाला माहीत आहे.

आपली आणखी एक सवय आहे. ट्रॉली आज याची, उद्या त्याची. शेजारधर्म चांगला, तो सोडू नका. पण उसन्या ट्रॉलीच्या पाईपातून दुसऱ्याचे तेल, दुसऱ्याची माती आणि दुसऱ्याचे पाणी तुमच्या टाकीत येते. तुमचे तेल तिच्या जॅकमध्ये राहून परत जाते. पाईप जोडण्याआधी दोन्ही तोंडे पुसा. ट्रॉली परत देताना आणि घेताना गेज पाहा.

शेवटचे सांगतो, ते पैशाचे नाही, जिवाचे आहे. उचललेल्या बकेटखाली किंवा ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय जाऊ नका. पाईप फुटला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. दाबाच्या पाईपला बारीक भोक पडले असेल तर ते हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. ती बारीक धार कातडीतून सरळ आत शिरते. वरून सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही, पण आत तेल पसरून हात काढायची वेळ येऊ शकते. तसे झाले तर हळद लावून घरी बसू नका. त्याच तासाला निघा, यवतमाळला नाहीतर नांदेडला, आणि डॉक्टरला सांगा की दाबाचे तेल आत गेले आहे.

आपला आजा बंडी जुंपण्याआधी आखाचे वंगण पाहत असे. त्याला ते कोणत्या कंपनीने शिकवले नव्हते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने एक वही आणावी. तारीख, गेजवरची उंची, ओतलेले लिटर, एवढेच लिहा. ज्याच्या वहीत लिटरचा रकाना भरत जाईल, त्याच्या ट्रॅक्टरखाली आपण सगळे मिळून वाकून पाहू. पेरणीच्या दिवशी कोणत्याही वहिनीने आपल्याला तो प्रश्न विचारू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.