मापाडी उमेदवार होतो तेव्हा



आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल की, अमेरिकेतल्या एखाद्या जिल्ह्याचा निवडणूक अधिकारी राज्याच्या मोठ्या पदासाठी उभा राहिला, तर त्याची चिंता आपण येथे बसून का वाहावी? शंका रास्त आहे. परंतु मते मोजणाऱ्या माणसाचा विचार आपण करतो तो निकाल लागल्यानंतर, आणि तोही आपला उमेदवार पडला म्हणजे. त्या वेळी डोके ठिकाणावर नसते. आज येथे कोणाचाही निकाल लागायचा नाही. तेव्हा हा विचार आजच केलेला बरा, आणि तो परक्यांच्या उदाहरणावरून केला तर अधिकच बरा. कारण तेथे आपला कोणी सोयराही नाही आणि वैरीही नाही.

प्रथम तिकडची व्यवस्था समजून घेऊ. आपल्याकडे जसा साऱ्या देशाला एक निवडणूक आयोग आहे, तशी निवडणुका घेणारी एक मध्यवर्ती संस्था अमेरिकेत नाही. राज्ये ५०, आणि प्रत्येकाचा निवडणुकीचा कायदा निराळा. राज्याच्या पोटात काउंट्या असतात. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा. मतदारांची नोंद ठेवणे, मतपत्रिका तयार करणे, मते गोळा करून मोजणे, हे सारे काम बहुतेक ठिकाणी काउंटीचा अधिकारी करतो. कोठे त्याला क्लार्क म्हणतात, कोठे रेकॉर्डर, तर वॉशिंग्टन राज्यात ऑडिटर. हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानीचे शहर नव्हे. वायव्येला पॅसिफिक समुद्राकाठी असलेले राज्य. तेथला ऑडिटर जमिनीचे दस्त नोंदवतो, विवाहाचे आणि मोटारींचे परवाने देतो आणि निवडणुकाही घेतो. राज्याच्या पातळीवर या सर्वांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणतात. केंद्र सरकारात या नावाचा अधिकारी म्हणजे परराष्ट्रमंत्री. राज्यात मात्र तो राज्याची मुद्रा सांभाळतो, कंपन्यांची नोंद ठेवतो आणि निवडणुकांचा निकाल प्रमाणित करतो.

आता मुख्य गोष्ट ही की, पुष्कळ राज्यांत हे दोन्ही अधिकारी नेमलेले नसतात, तर लोकांनी निवडून दिलेले असतात, आणि तेही बहुधा पक्षाच्या तिकिटावर! आपल्या बाजारसमितीत धान्य मोजणारा मापाडी असतो. तो ना शेतकऱ्याचा, ना अडत्याचा. त्याचे माप दोघांनी मान्य करायचे, म्हणून त्याला मान. उद्या तोच मापाडी स्वतःच्या शेतातली पोती घेऊन त्याच बाजारात उभा राहिला, तर आपण काय म्हणू? काउंटीचा निवडणूक अधिकारी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या पदासाठी उभा राहतो, तेव्हा नेमके हेच घडते. आपल्या काउंटीत तो मते मोजत असतो, आणि त्याच मतपत्रिकेवर त्याचे स्वतःचे नाव असते.

याहून अवघड प्रसंगही घडलेले आहेत. जॉर्जिया राज्यात २०१८ साली सेक्रेटरी ऑफ स्टेट असलेले ब्रायन केम्प गव्हर्नरच्या पदासाठी उभे राहिले. गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. अधिकाराने तो मुख्यमंत्र्यासारखा. केम्प यांनी आपले जुने पद सोडले ते ८ नोव्हेंबरला, म्हणजे मतदान होऊन दोन दिवस झाल्यावर. विजय त्यांचाच झाला. मोजणीत लबाडी झाली असे आम्ही म्हणत नाही. परंतु पराभूत पक्षाच्या लाखो लोकांच्या मनात जी अढी राहिली, तिचे उत्तर कोणत्या आकड्याने द्यायचे?

एवढ्यावरून कोणी म्हणेल, ही पद्धतच मुळात वाईट. आमचे मत इतके झटपट बनत नाही. कारण याच पद्धतीतून वर आलेल्या एका गृहस्थाची हकीकत अशी आहे की, ती ऐकून विचार करावा लागतो.

वॉशिंग्टन राज्याची राजधानी ऑलिंपिया थर्स्टन काउंटीत येते. या काउंटीचे ऑडिटर म्हणून सॅम रीड यांनी १९७८ पासून दोन तपांच्या आसपास काम केले. २००० साली रिपब्लिकन पक्षातर्फे ते सेक्रेटरी ऑफ स्टेट निवडून आले. २००४ च्या नोव्हेंबरात ते पुन्हा उभे राहिले व निवडून आले. त्याच निवडणुकीत गव्हर्नरचीही निवड व्हायची होती. रिपब्लिकन डिनो रॉसी आणि डेमोक्रॅट ख्रिस्टीन ग्रेग्वार या दोघांत ती लढत होती. सुमारे २८ लाख मते पडली. पहिल्या मोजणीत रॉसी पुढे निघाले, किती मतांनी? तर २६१! अंतर इतके थोडे असल्याने कायद्याप्रमाणे यंत्राने फेरमोजणी झाली. अंतर आणखी घटून ४२ वर आले. ३० नोव्हेंबरला रीड यांनी निकाल प्रमाणित केला. विजयी रॉसी, म्हणजे त्यांच्याच पक्षाचे.

कायद्यात आणखी एक वाट होती. खर्चाची रक्कम भरली तर हाताने मोजणी मागता येई. डेमोक्रॅट पक्षाने ती मागितली. मोजणी चालू असता किंग काउंटीत, म्हणजे सिएटल शहर जेथे आहे तेथे, एक घोटाळा उघडकीस आला. टपालाने आलेल्या मताच्या पाकिटावर मतदाराची सही असते आणि ती नोंदणीतील सहीशी ताडून पाहतात. शेकडो पाकिटे कर्मचाऱ्यांनी बाद धरली होती, कारण त्या मतदारांच्या सह्या संगणकात सापडल्या नाहीत. कागदी नोंदी मात्र कपाटात शाबूत होत्या. त्या कोणी काढून पाहिल्याच नव्हत्या! हे ध्यानात आले कसे? बाद मतांच्या यादीत काउंटीच्या लोकनियुक्त मंडळाच्या अध्यक्षालाच स्वतःचे नाव दिसले म्हणून. शोध घेता अशी ७३५ पाकिटे निघाली.

ही पाकिटे आता विचारात घ्यायची की नाहीत? किंग काउंटी डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. पाकिटे उघडली तर रॉसी यांची ४२ मतांची आघाडी जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. रॉसी यांचा पक्ष कोर्टात गेला. रीड त्याच पक्षाचे. त्यांनी नुसते मौन धरले असते तरी पक्ष संतुष्ट राहिला असता. परंतु मतदाराचा काही दोष नसता केवळ कचेरीच्या चुकीने बाद झालेले मत दुरुस्त करता येते, अशीच भूमिका त्यांनी घेतली. २२ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही एकमताने तसाच निर्णय दिला. हाताने मोजणी पुरी झाली आणि ग्रेग्वार १२९ मतांनी पुढे आल्या. ३० डिसेंबरला, म्हणजे बरोबर एका महिन्याने, त्याच रीड यांनी त्याच पदाचा दुसरा निकाल प्रमाणित केला, आणि तो स्वपक्षाच्या उमेदवाराविरुद्ध.

श्रोतेहो, यात शौर्याचे काही दिसत नाही. एक माणूस टेबलाशी बसतो आणि कागदावर सही करतो. पण स्वपक्षीयांचा केवढा रोष त्या सहीने त्यांना पत्करावा लागला असेल, याची कल्पना करा. पुढे रॉसी यांच्या बाजूने निवडणुकीविरुद्ध खटला भरला गेला. वेनॅची या गावी सुनावणी होऊन ६ जून २००५ रोजी न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी तो फेटाळला. हजाराच्या वर मते बेकायदा पडली होती, हे न्यायाधीशांनी मान्य केले. पण ती कोणाच्या पारड्यात पडली याचा पुरावा नव्हता. ज्या चार मतांचा पुरावा होता ती रॉसी यांच्या नावची निघाली, म्हणून अंतर १३३ झाले! रॉसी यांनी वरच्या कोर्टात अपील केले नाही. आणि रीड? २००८ साली लोकांनी त्यांना तिसऱ्यांदा निवडून दिले. २०१२ साली त्यांच्या जागी आलेल्या किम वायमन याही थर्स्टन काउंटीच्याच ऑडिटर होत्या.

आता याच नाण्याची दुसरी बाजू पाहू. कोलोराडो राज्यात २०२२ साली सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या पदासाठी रिपब्लिकन पक्षाची अंतर्गत निवडणूक झाली. तिघांपैकी दोघी निवडणूक कचेरीत मुरलेल्या होत्या. पॅम अँडरसन या जेफर्सन काउंटीच्या माजी क्लार्क, तर टीना पीटर्स या मेसा काउंटीच्या विद्यमान क्लार्क. अनुभव दोघींनाही होता. पक्ष एकच होता. तरी दोघींत जमीन-अस्मानाचे अंतर होते. २०२० ची राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लबाडीने जिंकली गेली, असा प्रचार तेव्हा चालू होता. तो खरा ठरवण्याच्या भरात मे २०२१ मध्ये पीटर्सबाईंनी एका परक्या इसमाला दुसऱ्याच्या ओळखपत्रावर कचेरीत घेतले आणि मतयंत्रांतील माहितीची नक्कल होऊ दिली. ज्या खोलीच्या किल्ल्या लोकांनी विश्वासाने हाती दिल्या, त्या खोलीचे दार राखणदारानेच उघडून दिले! त्या वर्षीच्या निवडणुकीच्या कामातून कोर्टाने त्यांना दूर केले. मार्च २०२२ मध्ये आरोपपत्र ठेवले गेले. तरीही त्या उमेदवार राहिल्या. २८ जूनला मतदान झाले व अँडरसन मोठ्या फरकाने विजयी झाल्या. पीटर्सबाईंनी अडीच लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून फेरमोजणी करून घेतली. निकाल होता तोच राहिला.

ऑगस्ट २०२४ मध्ये ज्यूरीने पीटर्सबाईंना दहापैकी सात आरोपांवर दोषी ठरवले, आणि ऑक्टोबरात न्यायाधीशांनी नऊ वर्षांची शिक्षा सुनावली. फिर्याद चालवणारा सरकारी वकील त्यांच्याच पक्षाचा होता. शिक्षा झाल्यावर अपील आणि माफी यांवरून पुष्कळ राजकारण झाले, त्यात आज शिरण्याचे कारण नाही. आणि अँडरसन? त्याही नोव्हेंबरात डेमोक्रॅट जेना ग्रिसवोल्ड यांच्याकडून हरल्या. सचोटीला दर वेळी यश मिळते असा ग्रह कोणी करून घेऊ नये.

वॉशिंग्टन राज्यात त्याच साली तिसरा प्रयोग झाला. पिअर्स काउंटीच्या ऑडिटर ज्युली अँडरसन (आडनाव तेच, बाई निराळ्या) सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या पदासाठी कोणत्याही पक्षाचे नाव न लावता उभ्या राहिल्या. मापाड्याला पक्ष कशाला, हाच त्यांचा मुद्दा. डेमोक्रॅट स्टीव्ह हॉब्स यांनी त्यांचा पराभव केला, पण बिनपक्षाच्या या बाईंनी त्यांना चांगलेच झुंजवले. याचा अर्थ हा प्रश्न तेथल्या सामान्य मतदारालाही पडलेला आहे.

आपल्याकडे ही अडचण घटनाकारांनी आधीच ओळखली होती. १५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीपुढे निवडणूक आयोगासंबंधीचे कलम मांडले. तेच आजचे ३२४ वे कलम. निवडणुकीचे काम सरकारच्या मुठीत राहू नये, हा त्याचा गाभा. आपला निवडणूक अधिकारी बहुधा जिल्हाधिकारी असतो. त्याला मते मागायची नसतात, आणि उभे राहायचे तर आधी नोकरी सोडावी लागते. मग आपण निर्धास्त व्हावे काय? तसेही नाही. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी आचारसंहितेचा धाक साऱ्या देशाला बसवला. १९९६ साली ते निवृत्त झाले, १९९७ साली राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, आणि तेव्हा महाराष्ट्रातल्या शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला होता. १९९९ साली काँग्रेसतर्फे ते गांधीनगरहून लालकृष्ण अडवाणींविरुद्ध लढले. दोन्हीकडे हरले. त्यांनी गैर केले असे नव्हे. घटनेत बंदी नाही. पण तराजू ठेवून पोती उचलण्याची वाट आपल्याकडेही खुली आहे, हे विसरता कामा नये.

तेव्हा पद नेमणुकीचे असो वा निवडणुकीचे, पक्षाचे असो वा बिनपक्षाचे, नुसत्या व्यवस्थेने माप खरे होत नाही. रीड आणि पीटर्स दोघेही एकाच पक्षाचे, दोघेही लोकांनी निवडून दिलेले. फरक पडला तो आकडा मनाविरुद्ध आला तेव्हा. एकाने आकड्यापुढे मान वाकवली. दुसरीने आकडा वाकवता येतो का ते पाहिले. ज्याला मोठ्या पदावर पाठवायचे, त्याला हाच एक प्रश्न विचारावा: तुमच्या माणसाविरुद्ध गेलेल्या निकालावर तुम्ही कधी सही केली आहे काय?

आणि हा प्रश्न अधिकाऱ्यापाशी थांबत नाही. त्या ७३५ पाकिटांचा शोध कोणा न्यायाधीशाने लावला नाही. आपले नाव बाद यादीत आहे हे एका मतदाराने वाचले, तेथून तो लागला. आपल्यापैकी किती जण मतदारयादी लागली म्हणजे जाऊन ती वाचतात? मोजणीच्या टेबलाशी आपल्या पक्षाचा प्रतिनिधी बसतो. पडलेल्या उमेदवाराचा प्रतिनिधी आकडे मान्य करून सही करतो, तेव्हा चौकात त्याची हुर्यो करणारे कोण असतात? आपणच. हरल्यावर खरे माप खरे म्हणणाऱ्याला ज्या गावात गद्दार ठरवतात, त्या गावाला रीडसारखा मापाडी मिळायचा नाही. मिळाला तरी टिकायचा नाही.

पुढची निवडणूक येईलच. त्या वेळी निकाल आपल्याविरुद्ध गेला, तर तोंडातून पहिला शब्द कोणता निघतो, एवढे ज्याने त्याने पाहावे.