तबकडीवरील कंस : जाझचे सॅक्सोफोन-वादक आणि सामूहिक निर्मितीची मालकी

(व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीच्या मध्यभागी कागदाची एक गोल चकती चिकटवलेली असते. कंपनीचे नाव तीवर ठळक असते, वाद्यवृंदाच्या प्रमुखाचे नाव त्याखालोखाल, आणि गीताच्या नावाखाली, कंसात, बारीक टाइपात, एकदोन आडनावे असतात. ही कंसातील आडनावे रसिक सहसा वाचीत नाही. पण अमेरिकेतील जाझ संगीताच्या अर्थव्यवहारात खरा पैसा त्या कंसातूनच वाहत होता. सॅक्सोफोन फुंकणाऱ्याला एका बैठकीची ठरलेली मजुरी मिळे. कंसात नाव असलेल्याला तबकडी विकली जाईल तोवर उत्पन्न मिळत राही. म्हणून कंसात कोणाचे नाव आले, कोणाचे गळले आणि कोणाचे घुसले, हा प्रश्न श्रमाचा आणि मालकीचा आहे.

प्रथम यंत्रणा समजून घेतली पाहिजे. अमेरिकेच्या 1909 च्या स्वामित्वहक्क कायद्याने रचनाकाराला प्रत्येक ध्वनिमुद्रित प्रतीमागे 2 सेंट देण्याची तरतूद केली. हा दर 1978 सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे, तसाच राहिला. ही रक्कम प्रकाशक आणि रचनाकार यांच्यात वाटली जाई. वाजविणाऱ्याचा या रकमेवर काडीचा हक्क नव्हता. शिवाय 1978 पूर्वी रचनेची नोंदणी करावयाची तर कागदावर लिहिलेली स्वरलिपी सादर करावी लागे. तबकडी चालत नसे. त्यामुळे ज्या संगीताचा जन्म वाजविता वाजविता होतो, त्या संगीतावर कायद्याच्या दृष्टीने पहिला हक्क ते कागदावर उतरवून कचेरीत पोचविणाऱ्याचा ठरू लागला. कायद्याने स्वरावलीला संरक्षण दिले. तिच्या खालून चालणाऱ्या स्वरसंगतीच्या क्रमाला दिले नाही. या तीन तरतुदी ध्यानात घेतल्या म्हणजे पुढील बहुतेक भांडणांचा उलगडा होतो.

आता निर्मितीची पद्धत पाहू. कॅन्सस सिटीच्या वाद्यवृंदांत बहुतेक रचना कागदावर नसत. एक वादक चारपाच स्वरांची छोटी स्वरमाला घोळवू लागे. सॅक्सोफोनवाले ती उचलून धरीत, ट्रंपेटवाले तिला उत्तर देत. शाहिराला झीलकरी साथ देतात, तशीच ही देवाणघेवाण. अशा स्वरमालेला त्या संगीतात रिफ म्हणतात. रात्रीमागून रात्री घासून रिफची रचना बने आणि ती सर्वांच्या डोक्यात राही. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदाची ‘वन ओ’क्लॉक जंप’ ही रचना अशीच घडली. तिचे मूळचे नाव असभ्य होते. रेडिओच्या निवेदकाला ते उच्चारता येईना, तेव्हा घड्याळात एक वाजत आला होता म्हणून हे नाव पडले. 7 जुलै 1937 रोजी डेक्का कंपनीने ती मुद्रित केली आणि कंसात एकच नाव छापले गेले : बेसी. तिच्या घडणीत ऑल्टो सॅक्सोफोन-वादक बस्टर स्मिथ व संयोजक एडी डरहॅम यांचा मोठा वाटा होता, असे जाणकार मानतात. तिच्यातील एक रिफ तर डॉन रेडमन यांच्या 1929 च्या ‘सिक्स ऑर सेव्हन टाइम्स’ या गीतात आधीच ऐकू येतो. स्मिथ वाद्यवृंद पूर्वेकडे निघण्यापूर्वीच बाहेर पडले होते. तरुण चार्ली पार्कर यांचे ते मार्गदर्शक. पण बाहेरच्या जगाला ते फारसे ठाऊक झाले नाहीत. आणि बेसी तरी मालक होते काय? डेक्काच्या करारानुसार 24 बाजूंसाठी त्यांना एकूण 750 डॉलर मिळाले आणि तबकड्यांच्या विक्रीवर वाजविणाऱ्याचा वाटा काहीच नव्हता. सहकाऱ्यांची रचना ज्याच्या नावावर जमा झाली, त्याचेच वादन कंपनीने कवडीमोलाने घेतले होते.

ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. 1926 ते 1939 या काळात अर्व्हिंग मिल्स हे त्यांचे व्यवस्थापक आणि प्रकाशक होते. एलिंग्टन यांच्या अनेक रचनांवर सहरचनाकार म्हणून मिल्स यांचे नाव दिसते. वर्णभेदाने बंद केलेली दारे मिल्स यांच्या ओळखीने उघडत, आणि त्या दारवानीची किंमत कंसात वसूल होई. 1930 च्या ‘मूड इंडिगो’ या प्रसिद्ध रचनेवर बार्नी बिगार्ड यांचे नाव प्रारंभी नव्हते. बिगार्ड क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्सोफोन ही दोन्ही वाद्ये वाजवीत. त्यांनी हक्क मागितला आणि बऱ्याच काळाने त्यांचे नाव जोडले गेले. पण हेही सांगितले पाहिजे की त्या चालीचा एक भाग आपले गुरू लोरेन्झो टिओ यांच्याकडून आला, हे बिगार्ड यांनीच मान्य केले होते. टिओ यांचे नाव कंसात आले नाही. 1933 च्या ‘सोफिस्टिकेटेड लेडी’त सॅक्सोफोन-वादक ऑटो हार्डविक आणि ट्राँबोन-वादक लॉरेन्स ब्राउन यांच्या स्वरमाला आहेत. ब्राउन यांच्या सांगण्यानुसार प्रत्येकाला 15 डॉलर देऊन व्यवहार संपविण्यात आला. ती रचना पुढे अर्धे शतक जगभर वाजत राहिली.

ऑल्टो सॅक्सोफोनचे श्रेष्ठ वादक जॉनी हॉजेस यांच्याविषयी एक हकिगत त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी सांगितली आहे. आपल्या रिफवर उभे राहिलेले गीत एलिंग्टन पियानोवर वाजवू लागले की हॉजेस रंगमंचावरच बसल्या जागी त्यांच्याकडे पाहून बोटांनी नोटा मोजल्याचा अभिनय करीत. प्रेक्षकांना तो विनोद वाटे. तथापि याची दुसरी बाजू अशी की, एलिंग्टन यांनी काम नसलेल्या दिवसांतही वाद्यवृंद मोडू दिला नाही आणि त्याचा खर्च रचनांच्या उत्पन्नातून भागविला. हॉजेस यांच्या चालीचा पैसा काही अंशी हॉजेस यांच्या वेतनातच परत येत होता. पण चाल त्यांची असताना त्यांना मिळाले ते वेतन, आणि हक्क राहिला दुसऱ्याकडे. कारखान्यातील कामगाराला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

चार्ली पार्कर यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. 26 नोव्हेंबर 1945 रोजी न्यूयॉर्कमध्ये सॅव्हॉय कंपनीसाठी त्यांचे मुद्रण झाले. सोबत ट्रंपेटवर एकोणीस वर्षांचे माइल्स डेव्हिस होते आणि डिझी गिलेस्पी होते. त्या बैठकीत पार्कर आणि गिलेस्पी यांनी एका तुकड्यात रे नोबल यांच्या ‘चेरोकी’ची मूळ चाल सुरू केली, तोच वादन थांबविण्यात आले. तो अर्धवट प्रयत्नही आज ऐकता येतो. मूळ चाल वाजली असती तर नोबल यांच्या प्रकाशकाला पैसे द्यावे लागले असते. म्हणून त्याच स्वरसंगतीवर नवी चाल बेतण्यात आली आणि ‘को-को’ ही अजोड रचना मुद्रित झाली. जुन्या गीताचा सांगाडा घेऊन त्यावर नवे शरीर चढविण्याची ही रीत त्या पिढीच्या प्रतिभेतून आली, हे खरेच. पण कंपनीच्या हिशेबाच्या वहीनेही तिला खतपाणी घातले.

त्याच बैठकीत ‘नाउज द टाइम’ हा बारा मात्राखंडांचा ब्ल्यूज मुद्रित झाला. तीन वर्षांनी, 1948 च्या डिसेंबरात, पॉल विल्यम्स या सॅक्सोफोन-वादकाने त्याच सॅव्हॉय कंपनीसाठी ‘द हकलबक’ हे नृत्यगीत वाजविले. चाल तीच, लय तेवढी ठसकेदार. 1949 साली ती तबकडी कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या खपाच्या यादीत 14 आठवडे अग्रस्थानी राहिली. रॉय आल्फ्रेड यांनी तिला शब्द दिले. टॉमी डॉर्सी आणि फ्रँक सिनात्रा यांनी ती मुद्रित केली. 1960 मध्ये चबी चेकर यांनी ती पुन्हा गाजविली. रचनाकार म्हणून नाव लागले अँडी गिब्सन या संयोजकाचे. लकी मिलिंडर यांचा वाद्यवृंद तीच चाल ‘डी नॅचरल ब्ल्यूज’ या नावाने वाजवीत होता आणि त्यांनीही हक्क सांगितला. या वादात पार्कर यांचे नाव कंसात कोठेही आले नाही. इतकेच नव्हे, 1946 साली डायल कंपनीकडून मिळावयाच्या आपल्या मानधनाचा अर्धा भाग त्यांनी एका मादक पदार्थ विक्रेत्याला लिहून दिला होता. 12 मार्च 1955 रोजी, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या चालीवर सारी अमेरिका नाचली, तिच्यापासून त्यांना नृत्यगीताचा एक सेंटही मिळावयाचा नव्हता.

येथे एक सोपे उत्तर टाळले पाहिजे. श्वेतवर्णीय मालक लुटतो आणि कृष्णवर्णीय कलावंत लुटला जातो, एवढे म्हणून हा विषय संपत नाही. टेनर सॅक्सोफोन-वादक जिमी फॉरेस्ट 1949-50 च्या सुमारास एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात होते. 1951 मध्ये त्यांनी शिकागोच्या युनायटेड कंपनीसाठी ‘नाइट ट्रेन’ मुद्रित केले आणि 1952 मध्ये ते कमालीचे लोकप्रिय झाले. त्याची मुख्य स्वरमाला एलिंग्टन यांच्या 1946 च्या ‘डीप साउथ सूट’मधील ‘हॅपी-गो-लकी लोकल’ची आहे. कंसात मात्र फॉरेस्ट, शब्द लिहिणारे ऑस्कर वॉशिंग्टन आणि कंपनीचे भागीदार लुइस सिम्पकिन्स अशी नावे होती, एलिंग्टन नव्हते. पण हीच स्वरमाला जॉनी हॉजेस यांच्या छोट्या गटाने 1940 साली ‘दॅट्स द ब्ल्यूज, ओल्ड मॅन’ या नावाने मुद्रित केलेली आहे! हॉजेस, एलिंग्टन, फॉरेस्ट अशी ही साखळी. एका दुव्यावर नाव गमावलेला माणूस दुसऱ्या दुव्यावर नाव मिळवितो. ‘इन द मूड’चेही तसेच : तिची प्रमुख स्वरमाला 1930 मध्ये विंगी मॅनोन यांच्या ‘टार पेपर स्टॉम्प’मध्ये आणि 1931 मध्ये फ्लेचर हेंडरसन यांच्या ‘हॉट अँड अँक्शस’मध्ये वाजून गेली होती. सॅक्सोफोन-वादक जो गार्लंड यांनी तिला रचनेचे रूप देऊन नावावर केली आणि 1939 मध्ये ग्लेन मिलर यांनी ती जगभर नेली. येथे मॅनोन हे श्वेतवर्णीय होते आणि गार्लंड कृष्णवर्णीय.

मग चोर कोण? रिफ ही गावच्या पाणवठ्यासारखी सर्वांची होती. ती वापरणे हा अपराध नव्हता; त्याच वापरातून जाझ वाढले. अन्याय सुरू झाला तो पाणवठ्याला कुंपण घालून नावाची पाटी लावणे कायद्याने फायद्याचे केले तेव्हा. सामूहिक निर्मितीचे मोजमाप एकट्याच्या मालकीच्या मापाने करावयाचे ठरविले, की प्रत्येक वादकाला आपल्या शेजाऱ्याच्या आधी कचेरीत पोचण्याची घाई होते. आणि अखेरीस प्रकाशकाचा हिस्सा मात्र सुरक्षित राहतो, मग कंसात नाव कोणाचेही असो.

वादकांनी संघटित प्रतिकार केला नाही, असे नाही. वादकांच्या महासंघाने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली 1 ऑगस्ट 1942 पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला आणि तो 1944 च्या नोव्हेंबरपर्यंत लढविला. विकलेल्या तबकड्यांमागे संघटनेच्या निधीला रक्कम देणे कंपन्यांना भाग पडले. हा मोठा विजय होता. पण तो निधी बेकार वादकांसाठी होता. कंसाला त्याने हात लावला नाही. शिवाय हा महासंघ स्वतःच वर्णभेदाने दुभंगलेला होता. अनेक शहरांत कृष्णवर्णीय वादकांच्या शाखा वेगळ्या होत्या. लॉस एंजेलिसमध्ये 1953 साली दोन शाखांचे एकीकरण झाले, त्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत सॅक्सोफोन-वादक बडी कोलेट होते; शिकागोला त्यासाठी 1966 साल उजाडावे लागले. जी संघटना आपल्या दारात पंक्तिभेद करते, तिला कंसातील पंक्तिभेद दिसत नाही.

हा प्रश्न सातासमुद्रांपलीकडचा म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजविणारे गोव्याचे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. चिक चॉकोलेट यांनी सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केले. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यसंयोजन केले. श्रेयनामावलीत ते साहाय्यक म्हणून आले. तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक छापले जात. सॅक्सोफोनचा जो तुकडा लोक गुणगुणत, तो फुंकणाऱ्याचे नाव नसे. 14 मार्च 1977 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट-संगीताचा हक्क मुख्यत्वे निर्मात्याकडे ठेवणारा निकाल दिला. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी, गायकासारख्या कलावंताला कायद्याने काहीच दिलेले नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले. केरळच्या 1957 च्या मंत्रिमंडळातील हे माजी मंत्री श्रमाची बाजू विसरले नव्हते. 1994 च्या दुरुस्तीने कलावंतांच्या हक्कांना कायद्यात स्थान मिळाले आणि 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा वाटा हिरावून घेता येणार नाही, असे ठरले. अमेरिकेतही 1972 पूर्वीच्या मुद्रणांना डिजिटल प्रसारणाचे मानधन 2018 च्या कायद्याने मिळू लागले. ज्यांनी वाजविले, त्यांतील बहुतेक तोवर हयात नव्हते.

तेव्हा करावयाचे काय? मेलेल्यांना 2 सेंट पोचविता येत नाहीत. पण कोणी काय घडविले, याची नोंद जिवंतपणी करता येते. कलापथक असो, नाट्यसंस्था असो, संगीताचे मंडळ असो. चाल कोठून आली, ती कोणी घडविली, ढोलकीवर कोण होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवण्यास खर्च येत नाही. सामूहिक निर्मिती म्हणजे निनावी निर्मिती नव्हे. समूहातील प्रत्येकाचे नाव घेतल्यानेच समूह उभा राहतो. पुढच्या वेळी एखादी जुनी तबकडी हाती आली, तर तिच्या मध्यभागचा तो बारीक कंस अवश्य वाचावा. आणि मग सुई टेकवून, त्या कंसात न मावलेली माणसे ऐकावीत.