प्रवासापुरती तुर्की

इस्तंबूलला निघण्यापूर्वी महिनाभर मी रोज पहाटे ध्वनिमुद्रित पाठ ऐकून तुर्की घोकली. किताप, दुन्या, साबुन, चाय हे शब्द तर आपल्या ओळखीचेच निघाले! क्रियापदही आपल्यासारखे शेवटी. 'इस्तंबूलात' मधला 'त' जसा मागे चिकटतो, तसाच त्यांचा 'दा': इस्तंबूलदा. अडले ते ओठांचा चंबू करून म्हणावयाच्या 'ई'पाशी. घरची मंडळी हसत, मी म्हणत राही.

खरी फजिती पुढेच. तिथल्या दुकानात 'ने कादार?', म्हणजे 'केवढ्याला?', असे मी झोकात विचारले. दुकानदाराने भरभर किंमत सांगितली, नि मी आपला गप्प! प्रश्न पाठ केला होता, आकडे राहिलेच होते. बिचाऱ्याने शेवटी कागदावर लिहून दिले. त्या रात्री मी पुन्हा पाठ लावला: बिर, इकी, उच्...